भरलेल्या बाटल्या

एकदा एक वृद्ध आचार्य औषधांच्या प्रयोगशाळेत होते. चाळीस वर्षं त्यांनी उंदरांच्या आतड्यांचा अभ्यास केला होता आणि त्यांच्या मौनाचाही लोकांना धाक वाटे. त्यांच्याकडे एक शिष्या होती. तिच्या थोरल्या भावाला मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुना आजार; शौचावाटे रक्त जाई. म्हणूनच तिने हा विषय घेतला होता.

एका व्यापाऱ्याने कुठल्याशा सालीचा अर्क आणून दिला. सूज उतरते, असा त्याचा दावा होता. शिष्येने वीस उंदीर घेतले. आतडं सुजवणारी एक भुकटी सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्यात घातली. त्यांतल्या दहांच्या बाटल्यांत, त्याच पाण्यात, अर्कही मिसळला. पाचव्या दिवसापर्यंत नुसत्या भुकटीच्या पाण्यावरचे उंदीर रक्त टाकू लागले. अर्कवाले ठणठणीत. आठव्या दिवशी उंदीर मारून आतडी पट्टीवर मोजली. सुजलेलं आतडं आखडतं. अर्कवाल्यांचं जराही आखडलं नव्हतं.

व्यापारी पेढे घेऊन आला. पुढच्या महिन्यात बाटल्या बाजारात आणतो म्हणाला. आचार्यांनी स्वतः उठून चहा केला आणि सर्वांदेखत व्यापाऱ्याच्या कपात अर्काचे चार थेंब टाकले. शिष्येला काही उमजेना. व्यापाऱ्याने एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि कप हळूच बाजूला सारला.

थोड्या वेळाने आचार्यांनी विचारलं, "काय शेटजी, माझ्या चहाने पित्त तर नाही ना झालं?"

"प्यायलोच कुठे, गुरुजी? पित्त व्हायला आधी पोटात जायला हवा."

आचार्य शिष्येकडे वळले. "ऐकलंस? उंदरांनी आठ दिवस तुला हेच सांगितलं. अर्क कडू, म्हणून ते जगण्यापुरतंच पाणी प्यायले. पाणी कमी, म्हणून सूज आणणारी भुकटीही पुरेशी पोटात गेली नाही. जो आजार झालाच नाही, तो तू बरा केलास. अर्क नळीने थेट पोटात द्यायचा, भुकटीचं पाणी वेगळं ठेवायचं आणि रोज बाटली मोजायची. तू आतडी मोजलीस, बाटल्या नाही."

अशा कथा बहुधा इथे संपतात. शिष्य पाया पडतो, श्रोते माना डोलावतात.

शिष्या पाया पडली नाही. तिने विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"तिसऱ्या दिवशी. अर्काच्या बाटल्या जवळजवळ भरलेल्या दिसल्या."

"मग बोलला का नाहीत?"

आचार्य हसले. म्हणाले, सांगितलेलं माणूस विसरतो, स्वतःला ठेच लागली की जन्मभर लक्षात राहतं.

"ठेच मला नाही लागली, गुरुजी. वीस उंदीर फुकट मेले. आणि पाचव्या दिवशीचे आकडे पाहून मी दादाला हा अर्क दिला. चार दिवस झाले, त्याने डॉक्टरांच्या गोळ्या सोडल्यात. तो गाढवपणा माझा, तो मी कबूल करते. पण तिसऱ्या दिवशी तुम्ही एक वाक्य बोलला असता, तर पाचवा दिवस उजाडलाच नसता."

व्यापारी पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावत बसला.

तिने तिथेच भावाला फोन लावला. सकाळपासून पुन्हा रक्त पडतंय, तो म्हणाला. तुला सांगितलं नाही, तुझा प्रयोग चाललाय ना. तिने अर्क लगेच थांबवायला सांगितलं. त्याने विचारलं, म्हणजे हे औषध खोटं का?

"खोटं की खरं, माहीत नाही, दादा. आम्ही ते तपासलंच नाही. तू आत्ता डॉक्टरांकडे जा, अर्काचं सगळं सांग. मी तिथेच येते."

ती निघून गेली. आचार्यांनी तिची प्रयोगवही ओढली आणि तिसऱ्या दिवसाचं पान काढलं. समासात आजची तारीख घालून त्यांनी लिहिलं: 'बाटल्या भरलेल्या होत्या. मी पाहिल्या. मी बोललो नाही.' खाली सही केली.

शिकवण्यासाठी कुणाला ठेचकाळू देणाऱ्याने आधी एवढं पाहावं, की रक्त कुणाचं निघणार आहे.