येसूच्या आईचं लुगडं

घाटात अजून रस्ता झाला नव्हता, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे डोंगर ओलांडायचे, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं. त्या गावात धुरपदा नावाची एक बाई राहायची. वय झालेलं, नवरा केव्हाच गेलेला. घरात एक मुलगा आणि सून. मुलगा बैल घेऊन तांड्याबरोबर जायचा तो महिनोन्‌महिने परतायचा नाही. घरी असायच्या त्या सासू-सुनाच.

धुरपदाच्या हाताला गोधडीचं वेड होतं. फाटकं लुगडं, विरलेलं धोतर, लेकराचं तोकडं झालेलं अंगडं, काहीही तिच्या हाती पडलं की त्याचे तुकडे व्हायचे, तुकड्याला तुकडा लागायचा आणि बघता बघता गोधडी उभी राहायची. टाका इतका बारीक की मुंगीची रांग चालल्यासारखा दिसावा.

बहिणीच्या नातवंडांना तिनं गोधड्या दिल्या. लहानपणीच्या मैत्रिणीला दिसेनासं झालं, तेव्हा तिला दिली. गावात कुणाच्याही घरी पाळणा हलला की बारशाला धुरपदाची दुपटी ठरलेली. आणि सगळ्यात जास्त गोधड्या जायच्या त्या वेशीबाहेरच्या धर्मशाळेत. थंडीच्या दिवसांत तिथं उतरणारा वाटसरू सकाळी उठला की विचारायचा, "ही गोधडी कुणाच्या हातची?" धर्मशाळेचा म्हातारा रखवालदार सटवाजी धुरपदाचं घर दाखवायचा. मग तो वाटसरू येऊन तिच्या पाया पडायचा. धुरपदा "असू दे, असू दे" म्हणायची, पण तो सगळा दिवस तिचा चेहरा उजळलेला असायचा.

चिंध्या मागायला ती पूर्वी दारोदार जायची. "काही जुनंपानं असेल तर द्या गं." बाया आनंदानं द्यायच्या. पुढे पुढे तिला मागायचीही गरज वाटेना. कुंपणावर फाटका पंचा दिसला की ती ओढून घ्यायची आणि जाता जाता सांगायची, "नेते गं हा, धर्मशाळेला." घरातली बाई हसून म्हणायची, "न्या की काकू." पुण्याच्या कामाला नाही कोण म्हणणार? मग सांगणंही मागे पडलं. कुणी कधी हरकत घेतली नाही, आणि आपण काही वावगं करतो आहोत असं धुरपदाला कधी वाटलं नाही.

तिची सून येसू घाटापलीकडची. लग्नाच्या वर्षभर आधी तिची आई वारली होती. वडील त्याआधीच गेलेले. माहेर म्हणून दाखवावं असं एक दारसुद्धा उरलं नव्हतं. सासरी येताना तिनं एक गाठोडं आणलं होतं, ते धान्याच्या कणगीमागे ठेवलेलं असायचं. मनावर फार मळभ आलं की ती ते सोडायची, थोडा वेळ तिथंच बसून राहायची आणि पुन्हा बांधून ठेवायची.

एकदा तिनं सासूला सांगायचा प्रयत्नही केला होता. "आत्याबाई, माझ्या आईचं एक..."

धुरपदाचा दोरा नेमका तेव्हाच संपला होता. "आधी एवढी सुई ओवून दे. तुझे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. येसूनं सुई ओवून दिली. बोलणं तिथंच राहिलं.

एका वर्षी थंडी अशी पडली की विहिरीवरचा दोर हातात धरवेना. एके दिवशी सकाळीच सटवाजी धापा टाकत आला.

"धुरपदाबाई, मिठाचा तांडा उतरलाय. माणसं फार आणि पांघरुणं कमी. त्यांच्यात एक म्हातारी आहे, तापानं फणफणलेली. दुपारी घाट चढणार म्हणतात. एखादी गोधडी तयार आहे का? वाटेत तिच्या अंगावर घालायला तरी होईल."

तयार गोधड्या वाटून संपल्या होत्या. धुरपदाच्या स्वतःच्या पेटीत तेवढी एक होती, सगळ्यात सुरेख, स्वतःच्या म्हातारपणासाठी जपून ठेवलेली. ती तिला आठवली आणि तिनं ती आठवण तशीच बाजूला सारली. हातातली गोधडी अर्धी झाली होती. वरचा थर झाला असता तर दुपारपर्यंत काम होण्यासारखं होतं. पण कापड नव्हतं.

"तू जा. दुपारी ये," ती म्हणाली आणि घरात शोधू लागली. येसू चारा आणायला रानात गेली होती. कोपरे पाहता पाहता धुरपदाचा हात कणगीमागच्या गाठोड्याला लागला.

तिनं गाठ सोडली. आत विटकरी रंगाचं एक लुगडं होतं. धुवून धुवून इतकं मऊ झालेलं की हातातून पाण्यासारखं निसटावं. एका जागी फाटलेलं कुणीतरी नीट रफू केलं होतं. घडीघडीत बकुळीची सुकलेली फुलं घातली होती.

धुरपदाचा हात थांबला. इतकं जपून ठेवलेलं कापड टाकाऊ नसतं, हे कळायला तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. येसूला विचारायला हवं, असं तिच्या मनात आलं. रान काही लांब नव्हतं. एक हाक मारली असती तर येसू आली असती.

पण लगेच दुसरा विचार आला. कापड विरलेलं आहे, नेसायच्या कामाचं नाही. तिकडे एक जीव थंडीनं कुडकुडतो आहे. आणि येसू काही नाही म्हणणार आहे का? तिला दुसरं लुगडं घेऊ, नवं कोरं.

तिनं फुलं झटकली आणि कात्री चालवली.

दुपारपर्यंत गोधडी झाली. मोठे तुकडे वर लागले, काठ कडेला लागला, बारीकसारीक तुकडे आत भरले गेले. एक चिंधीही वाया घालवायची नाही, हा धुरपदाचा नेम होता. सटवाजी गोधडी घेऊन गेला आणि थोड्याच वेळात तांड्याच्या घंटा घाटात वाजू लागल्या.

संध्याकाळी येसूनं चाऱ्याचा भारा खाली टाकला. धुरपदा उंबऱ्यातच बसली होती. ती कौतुकानं सांगू लागली, "अगं, आज एका आजारी म्हातारीला गोधडी दिली. ऐन वेळी तुझ्या जुन्या लुगड्याचा उपयोग झाला बघ."

"कुठल्या लुगड्याचा?"

"ते नव्हे का, कणगीमागचं. विटकरी."

येसू आत गेली. गाठोड्याचं मोकळं फडकं जमिनीवर पडलं होतं आणि आजूबाजूला बकुळीची फुलं. ती खाली बसली आणि एकेक फूल वेचू लागली. धुरपदा मागोमाग आत आली.

"ते आईचं होतं," येसू म्हणाली.

"अगं पण पार विरलेलं होतं ते."

"हो. तिच्या अंगावर विरलं." येसूचा आवाज चढला नाही. "तिचं दुसरं काही नाही माझ्याकडे. त्याला अजून तिचा वास होता."

धुरपदा तिच्याजवळ टेकली. "तुझ्या आईला पुण्यच लागेल बाळ," ती चाचरत म्हणाली.

"पुण्य तुमचं झालं, आत्याबाई. लुगडं आईचं गेलं."

येसू उठून चुलीकडे गेली. धुरपदा तिथंच बसून जमीन चाचपू लागली. निदान एखादी चिंधी, एखादा दोरा तरी राहिला असेल. काही नव्हतं. एक तुकडाही वाया न घालवायचा तिचा नेमच तिला नडला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं पेटीतली आपली गोधडी काढली, खांद्यावर टाकली आणि घाटाची वाट धरली. "अदलाबदल करून आणते," एवढंच ती येसूला म्हणाली. गुडघे दुखत होते, वारा कानात शिरत होता. ती बसत उठत चालत राहिली. ही गोधडी काल दिली असती तर, हा एकच विचार पावलोपावली तिला टोचत होता.

घाटापलीकडच्या माळावर तांडा उतरला होता. नेहमीची गडबड मात्र नव्हती. धुरपदानं आजारी म्हातारीची चौकशी केली. तिची मुलगी पुढे आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"आई आज पहाटे गेली," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"गोधडी माझ्या हातची," धुरपदा म्हणाली.

त्या मुलीनं वाकून तिचे पाय धरले. "तुमचे उपकार कसे फेडू? सगळा घाट ती कुडकुडत होती. शेवटी शेवटी म्हणाली, आता बरं वाटतंय, ऊब आली. ती गोधडी सोडेचना. मग आम्ही ती तशीच तिच्या अंगावर राहू दिली. तिच्यासकट अग्नी दिला."

थोड्या अंतरावर ओढ्याच्या काठी अजून धूर निघत होता. धुरपदा त्या धुराकडे पाहत राहिली. आयुष्यभर किती माणसं तिच्या पाया पडली होती, पण आज ते हात पायांवर नकोसे झाले. तिनं मुलीला उठवलं, खांद्यावरची गोधडी तिच्या अंगावर घातली आणि म्हणाली, "ही माझी आहे. ही घे."

त्या मुलीला वाटलं, केवढं मोठं मन आहे या बाईचं! धुरपदाला तिच्याकडे पाहवेना.

घरी पोचल्यावर तिनं येसूला सगळं खरं सांगितलं. पेटीतली गोधडी आठवूनही आपण ती दिली नाही, हेही लपवलं नाही. येसूनं ऐकून घेतलं. सासूच्या पायांना भेगा पडलेल्या पाहून तिनं ऊन पाणी आणलं आणि पाय शेकू लागली.

"येसू, मी विचारलं असतं तर दिलं असतंस का गं?"

येसूनं दुसरा पाय शेकायला घेतला. "कदाचित पदर ठेवून घेतला असता आणि उरलेलं दिलं असतं. कदाचित नसतंही दिलं. पण ते माझं मी ठरवलं असतं."

त्यानंतर येसू कधी त्या गोष्टीवरून बोलली नाही. तिनं सासूची सेवा केली, दुखण्याखुपण्यात रात्रंदिवस बसली. मात्र एक झालं. उरलेल्या बकुळीच्या फुलांचं गाठोडं ती रानात जाताना सोबत नेऊ लागली. ते काखेत धरून ती दाराबाहेर पडली की धुरपदा मान खाली घालायची. या घरात येसूला विश्वासानं काही ठेवता येत नाही, आणि ते आपल्यामुळे, हे तिला रोज नव्यानं दिसायचं.

धुरपदा गोधड्या शिवत राहिली. पण आता ती प्रत्येक दारी उभी राहून विचारायची, "हे कुणाचं? त्याला विचारलंत का? नक्की द्यायचं आहे ना?" उत्तर मिळेपर्यंत ती कापडाला हात लावायची नाही. वयानं म्हातारी संशयी झाली, असं गाव म्हणू लागलं. तिनं कुणाला काही समजावलं नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, अंथरुणाला खिळल्यावर, तिनं एकदा सुनेला जवळ बसवून घेतलं. "तुझी आई कशी होती गं? तेव्हा ऐकलंच नाही मी."

येसूनं सांगितलं. आई कशी हसायची, भाकरी थापताना काय गुणगुणायची, अंगणात बकूळ कुठं होती. धुरपदा डोळे मिटून ऐकत होती. मग येसू मध्येच थांबली. आईच्या लुगड्याचा वास कसा होता, ते तिला सांगता येईना. आठवायला गेली तर आठवेचना. धुरपदानं सुनेचा हात घट्ट धरला. देण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

बोध असा, की दान आपल्या वस्तूचं करावं; दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता चांगल्या कामाला जरी लावली, तरी ते दान होत नाही.