चेअरमनांचं दुखणं

साखर कारखान्याचे चेअरमन दर शनिवारी आपल्या बंगल्यापाशी धोक्याची साखळी ओढून रेल्वेगाडी थांबवायचे. ओढलेली साखळी पूर्ववत करायला म्हाताऱ्या गार्ड सातपुत्यांना खडीतून दहा डबे चालत यावं लागायचं. त्यांचे गुडघे पार गेले होते.

त्या शनिवारी त्यांनी थकल्या आवाजात विचारलं, "साहेब, आज कारण काय लिहू?"

"लिहा, छातीत दुखलं," चेअरमन हसत म्हणाले.

सातपुत्यांनी लिहिलं, खाली चेअरमनांची सही घेतली आणि म्हणाले, "मग तुम्हाला असं रानात उतरवता येत नाही. पुढच्या स्टेशनावर डॉक्टरांच्या हवाली करावं लागेल."

पुढचं स्टेशन चाळीस किलोमीटरवर होतं. दुखत नाही म्हणावं, तर सही खोटी ठरत होती. चेअरमन मुकाट्याने जागेवर बसले.

पुढच्या शनिवारी गाडी बंगल्यापाशी थांबली नाही. सातपुत्यांनी कितीतरी दिवसांनी चहा गरम असताना प्यायला.