आंबेखोलच्या जीपमधली बायडीची जागा

आंबेखोलच्या धनगरवाड्यावरून रोज सकाळी आठला शाळेची जीप सुटते. पोरे दाटीवाटीने, एकमेकांच्या मांडीवर बसतात; पण मागच्या दाराजवळची एक जागा मोकळी असते. पाहुणा तिथे टेकू लागला की वाड्यातले सर्वांत म्हातारे जानू येडगे हात आडवा धरतात. "तितं नगा बसू, पावनं. ती बायडीची हाय." मग ते सांगतात ते असे.

पूर्वी शाळा वाड्यातच होती, एका खोलीची. वीसपेक्षा कमी पोरांच्या शाळा बंद करून मोठ्या शाळेत मिळवायच्या, असे धोरण वरून आले. वाड्यात पोरे एकोणीस. मोठी शाळा सात मैलांवर, मध्ये जंगल. तेव्हा धोंडाबाई झोरे पुढे आली. तिची तिसरीतली बायडी त्याच पावसाळ्यात तापाने गेली होती. नाव अजून हजेरीत होते; ते धरून वीस भरत. ती शाळेच्या बाईंना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिचं नाव. पर रोज हाक मारा. न्हाईतर तिला वाटंल, आपल्याला इसरली." बाईंनी शब्द दिला.

वर्षभर रोज नाव घेतले गेले. खोली गप्प राही. मग तपासणीला साहेब आले आणि त्यांनी स्वतः हजेरी घेतली. विसाव्या नावाला मागच्या भिंतीकडून "हजर" आले, असे सांगतात. कोणाचेच ओठ हलले नव्हते. साहेबांनी पोरे मोजली. पुन्हा मोजली. एकोणीसच. त्यांनी ते नाव तांबड्या शाईने खोडले आणि उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागले.

जूनमध्ये जीप आली. एकोणीस दाखले, एकोणीस पोरे. जीप काही केल्या सुरू होईना. तेवढ्यात कुलूपबंद खोलीचे दार आतून वाजले म्हणे. धोंडाबाई धावली. कुलपावर हात ठेवून म्हणाली, "ये गं बायडे, गाडी थांबलीया." तिने जीपच्या मागच्या दाराजवळच्या पोराला उठवले. पहिल्याच किल्लीला जीप सुरू झाली.

धोंडाबाई जाऊन बारा वर्षे झाली. त्या एकोणिसांची पोरे आता याच जीपने जातात. परवा एका पाहुण्या बाईंनी विचारले, "आबा, ती अजून तिसरीतच?"

"मग? दाखला कुटं दिला तिला? वर चढवनार कोन?"

आजही निघण्याआधी ड्रायव्हर त्या कुलूपबंद खोलीपुढे जीप उभी करतो, मागचे दार उघडतो आणि नाव घेतो. उत्तर ऐकल्याचे कोणी सांगत नाही. पण दार तो स्वतः कधी लावत नाही. ते लागले, की मगच जीप सोडतो.