टिकलीची भाकरी म्हशीखाली

एक होता डोंगर. डोंगरावर सुट्टीला कोण आलं? टिकली उंदरी आली! तुरुतुरु, तुरुतुरु.

टिकली गवतात लोळली. दगडावरून घसरली. सुर्रर्र! पुन्हा चढली, पुन्हा घसरली. मग लागली भूक. अश्शी कडकडून भूक!

टिकलीनं पुरचुंडी सोडली. आत काय? आईनं दिलेली नाचणीची भाकरी! बटणाएवढी. वर लोण्याचा ठिपका. टिकलीनं मोठ्ठा आ केला, आणि भाकरी निसटली! उतारावरून गेली, गड गड गड. खाली बसली होती एक म्हैस. तिच्या पोटाखाली गडप!

"माझी भाकरी!" टिकली रडली. एकच तर होती! मग तिनं डोळे पुसले आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हशीबाई, म्हशीबाई, उठा ना! भाकरी मिळेना!"

"छे गं बाई! मी आहे सुट्टीवर. तळं तापलं, की डुंबायला उठेन."

टिकली गेली तळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तळेदादा, तळेदादा, तापा ना! म्हैस उठेना, भाकरी मिळेना!"

"छे गं बाई! धुकं बसलंय माझ्यावर. हुडहुडहुड! धुकं हटलं, की तापेन."

टिकली गेली धुक्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"धुकेआजोबा, धुकेआजोबा, हटा ना! तळं तापेना, म्हैस उठेना, भाकरी मिळेना!"

"छे गं बाई! मी आहे सुट्टीवर. वारा सुटला, की हटेन."

वारा झाडावर घोरत होता. घुर्रर्र! टिकली गेली झाडापाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारेमामा, वारेमामा, सुटा ना! धुकं हटेना, तळं तापेना, म्हैस उठेना, भाकरी मिळेना!"

"छे गं बाई! मी आहे सुट्टीवर. पतंग दिसला, की सुटेन."

पतंग होता सुट्टीला आलेल्या केतकीकडे. लालेलाल पतंग! पण केतकी बसली होती गाल फुगवून. टिकली गेली तिच्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"केतकीताई, केतकीताई, पतंग उडव ना! वारा सुटेना, धुकं हटेना, तळं तापेना, म्हैस उठेना, भाकरी मिळेना!"

"छे गं बाई! पोटात कावळे ओरडतायत. भजी मिळाली, की उडवेन."

भजी तळायची हौसामावशी. कांदा चिरलेला. पीठ कालवलेलं. चूल मात्र थंडगार. टिकली गेली चुलीपाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"हौसामावशी, हौसामावशी, भजी तळा ना! पतंग उडेना, वारा सुटेना, धुकं हटेना, तळं तापेना, म्हैस उठेना, भाकरी मिळेना!"

"अगं बाळे, मी कुठं सुट्टीवर हाय? तळते की! पण धुक्यानं लाकडं भिजली. चूल पेटंना. एक वाळकी काडी आण."

वाळकी काडी! ती होती खडकाच्या फटीत. फट एवढीशी. केतकीचा हात जाईना. मावशीचं बोट जाईना. पण टिकली? टिकली गेली! सुळ्ळकन आत, सुळ्ळकन बाहेर. काडी आणली ओढत. हाश्श हुश्श!

मग काय!

काडी पेटली, फुर्रर्र!
भजी तळली, चर्र चर्र!
केतकीनं खाल्ली, कुर्रम कुर्रम!
पतंग उडाला, फड फड फड!
वारा सुटला, सूंऽऽ सूंऽऽ!
धुकं हटलं, ऊन आलं, तळं तापलं.
म्हैस उठली आणि पाण्यात गेली. डुबुक!

आणि भाकरी?

भाकरी दबून दबून पातळ झाली होती. पसरून पसरून मोठी झाली होती. बटणाएवढी होती, बशीएवढी झाली! आणि गरम गरम!

मावशीनं वर एक भजं ठेवलं. टिकली उन्हात बसली आणि खाऊ लागली.

"टिकले, कशी आहे भाकरी?" म्हशीनं पाण्यातून विचारलं.

टिकली बोलली का? नाही बोलली. तोंड भरलं होतं ना!

संपली भाकरी, टम्म पोट. इथे झाली आपली गोष्ट.