थिटा दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. गावात देवळं पुष्कळ आणि विहीर एकच, अशा काळातली.

उंच माळावर एक गाव होतं. तिथली विहीर खोल. गावात एक रीत होती. नव्या सुनेनं माहेरचा दोर आणायचा आणि पहिल्या दिवशी त्यानंच पाणी काढायचं. घागर पाण्याला टेकली, तर सून घरात. नाही टेकली, तर दोर आणि सून दोन्ही माहेरी परत. रीत कुणी घातली, ठाऊक नाही. मोडायला कुणी धजावलं नव्हतं.

एका वर्षी येसू नावाची मुलगी त्या गावात सून म्हणून आली. माहेर नदीकाठचं. तिथे विहिरीत वाकलं की पाणी दिसतं. लेक लांब चालली म्हणून बापानं अंबाडीचा दोर दुप्पट लांब वळला होता. टोकाला हौसेनं लाल गोंडा लावला होता.

सारं गाव विहिरीवर जमलं. सासू पुढे उभी. ती एवढी कडक, की तिच्या दारात कुत्रंही जपून भुंकायचं.

येसूनं घागर सोडली. दोर सरत गेला. गोंडा हाताशी आला. घागर खाली हवेतच डुलत राहिली.

"थिटा! दोर थिटा!" कुणीतरी ओरडलं.

"दोर थिटा, सून थिटी!" बायका हसल्या. "ओंजळीनं पाणी पिणारी माणसं ती. दोर कुठून ठाऊक असणार!"

नवऱ्याला येसू आवडली होती. पण तो मान खाली घालून उभा राहिला.

येसू रडली नाही. तिनं सगळ्यांकडे पाहिलं.

"हो, थिटाच आहे," ती म्हणाली. "मग जोड कोण देतंय? हात भरून आले माझे."



"जोड कसली गं?" सासूनं विचारलं.

"आत्याबाई, आमच्याकडे थिटं म्हणणारा आपला तुकडा घेऊन येतो. चोळीला कापड थिटं पडलं, की शेजारीण पट्टी देते. तुमच्याकडे द्यायचं नसेल, तर म्हणतात तरी कशाला?"

सासू वळली आणि ताडताड घरी गेली. आता ही सुनेचं बोचकं आणणार, असं सर्वांना वाटलं. तिनं आणला आपला जुना दोर. झिजलेली टोकं कापून कापून तो निम्मा उरला होता.

"हाही पोचत नाही," ती म्हणाली. "कधीचाच. गुडघे दुखतात असं सांगून मी लेकाला गाडीचा दोर देऊन पाण्याला धाडत होते. गुडघे ठणठणीत आहेत. हसायचं तर हसा."

कुणी हसलं नाही.

येसूनं घागर वर ओढली. "गाठ तू मार," सासू म्हणाली. "माझी बोटं वळत नाहीत."

"पण वहिनी, रीत?" एक म्हातारा कुरकुरला. "दोर माहेरचा हवा."

"माझाही माहेरचाच आहे, भावजी. मी काय या विहिरीतून निघाले?"

घागर पुन्हा खाली गेली. आतून बुडुक आवाज आला.

येसू त्या घरात राहिली. गावात सुना अजून दोर आणतात. फक्त सासवा आता रिकाम्या हातानं विहिरीवर जात नाहीत.

दुसऱ्याला थिटं म्हणायचं असेल, तर जोड हातात घेऊन म्हणावं.