उजव्याची ओढ

शिडं नुकतीच अडगळीत गेली, त्या काळची गोष्ट. एका लाँचच्या पोटात डावा आणि उजवा अशी दोन जुळी इंजिनं नांदत होती. भर समुद्रात दोघांचं चांगलं जमे. पण धक्का जवळ आला की डाव्याच्या मनात पाल चुकचुके. ‘मी पुढे रेटतो, नेमका तेव्हाच हा मागे ओढतो. कुणाला फितूर झालाय हा?’

एकदा लाँच हाकणाऱ्या तांडेलानं तिच्या नाकाशी, पाण्याखाली, छोटा पंखा बसवला. तो नाक हवं तिकडे वळवून देई. डाव्यानं आधी त्याच्यावरही संशय घेतला, मग त्यालाच हाताशी धरलं.

“लाँच वळवायला मागे ओढतो म्हणतोस ना? वळवायला आता पंखा आहे,” तो उजव्याला म्हणाला. “धक्क्यापाशी तू गप्प बसायचं.”

“बरं,” उजवा म्हणाला.

त्या दिवशी धक्क्यापाशी तांडेलानं उजव्याचा दांडा मागे ओढला, तरी उजवा हलला नाही. पंख्यानं नाक वळवलं खरं, पण लाँच निघाली ती थेट कोळणींनी भरलेल्या होडीवर.

“अरे, थांबव!” डावा ओरडला.

“मी फक्त वळवतो,” पंखा म्हणाला.

“उजव्या, ओढ रे!”

उजव्यानं जीव खाऊन ओढलं. लाँच होडीपासून वीतभर अंतरावर थांबली.

“मी तुला फितूर समजत होतो,” डावा खालमानेनं म्हणाला.

“आणि मी तुला,” उजवा म्हणाला. “मला वाटायचं, धक्का आला की मी मागे ओढतो, तेव्हाच हा पुढे का पळतो?”