मिल ओसरीवर, कोंत माजघरात

ऐका बायांनो, इंग्रजी राज्यातली गोष्ट. वाईला रावसाहेब खांबेटे नावाचे मोठे विद्वान राहत. एकादशी असो वा संकष्टी, ते ओसरीवर बसून खुशाल चहा-बिस्किटं खात. कोणी हटकलं तर म्हणत, "विलायतेचा मिल लिहितो, स्वतःपुरता माणूस स्वतःचा राजा!"

एका संकष्टीला त्यांची बायको द्वारका म्हणाली, "गावात बायकांची शाळा निघालीय. मी शिकायला जाऊ?"

रावसाहेब बिस्किट बुडवत म्हणाले, "छे! फ्रान्सचा कोंत लिहितो, आधी समाज, मग माणूस. लोक काय म्हणतील?"

द्वारका गालात हसली. "दोन्ही पंडित आपल्या घरी गुण्यागोविंदानं नांदतात हो! मिल ओसरीवर, कोंत माजघरात. आज त्यांच्या जागा बदलू या. मिल मला द्यावा, मी शाळेत जाते. कोंत इकडे ठेवावा. सारं गाव चंद्रोदयापर्यंत उपाशी आहे, तसंच इकडूनही राहणं व्हावं."

रावसाहेबांनी कपात पाहिलं. बिस्किट विरघळत चाललं होतं.

"मिल दोघांना पुरेल," ते घाईनं म्हणाले. "जा शाळेत!"

गजाननानं द्वारकेला दिली तशी बुद्धी तुम्हांआम्हांलाही देवो.